गटारांतून वाहून जाणारें सोनखत

ज्या वस्तूस आमच्या भाषेनें सोनखत असें नांव दिलें ती वस्तु आम्हीं नाकास उपरणें लावून गटारांत लोटून दिली आहे. आणि एकदां लोटून दिल्यावर ती पुढें कोठें गेली ह्याची चौकशी करणें हें भल्या माणसाचें काम नव्हे, अशी आमच्या सुशिक्षित वर्गाची समजूत होऊन बसली आहे. हा शब्द ज्यांनीं प्रथम उच्चारला ते कांहीं रसायनशास्त्राचे पदवीधर नव्हते. माणसाच्या मळाचें खत ज्या वाफ्यांत पडतें त्या वाफ्यांतील भाजी कशी तरारते हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें, एवढेंच. आज नगरपालिकांच्या अंदाजपत्रकांत ह्याच वस्तूपायीं कोट्यवधि रुपये खर्चीं पडतात, न्यायालयांत तिच्यावरून कज्जे चालतात, नद्यांचें पाणी तिच्यामुळें गुरांसहि पाजण्याजोगें राहत नाहीं. आणि ह्या साऱ्या खटाटोपांत ती वस्तु मुळांत मोलाची आहे हें मात्र कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. विषय ओंगळ आहे म्हणून वाचकांनीं पान उलटूं नये, अशी आमची विनंति आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२१ सालीं प्रसिद्ध केलेली गणती पाहा. देशांतील शहरांतून दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघतें असा त्या मंडळाचा अदमास होता. तें शुद्ध करण्यासाठीं जीं केंद्रें उभारलीं गेलीं होतीं त्यांची एकंदर ताकद ३१,८४१ दशलक्ष लिटरांची; आणि प्रत्यक्षांत शुद्ध होत होतें तें २०,२३५ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभर घागरींपैकीं अठ्ठावीस धुऊन निघाल्या व बहात्तर जशाच्या तशा नदीनाल्यांत ओतल्या गेल्या. पहिल्या दोन आंकड्यांतील तफावतीबद्दल सर्वत्र ओरड होते, व ती होणें योग्यच आहे. परंतु आमचें लक्ष दुसऱ्या व तिसऱ्या आंकड्यांतील तफावतीकडे अधिक जातें. जीं केंद्रें पैसे खर्चून, फिती कापून, कोनशिला बसवून उभीं केलीं त्यांच्याहि ताकदीपैकीं एक तृतीयांशाहून अधिक भाग निजून होता! असें कां व्हावें?

कांहीं ठिकाणीं गटारांच्या नळ्या केंद्रापर्यंत पोंचल्याच नव्हत्या, हें खरें. पण नळ्या जेथें पोंचल्या तेथेंहि यंत्र चालवावयाचें म्हणजे विजेचें बिल भरावें लागतें, जाणते कारागीर ठेवावे लागतात, मोडतोड दुरुस्त करावी लागते, आणि ह्या सर्व खर्चाच्या बदल्यांत नगरपालिकेच्या तिजोरींत कवडीहि येत नाहीं. रात्रीं यंत्र बंद ठेवलें तर नदीखेरीज कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, आणि नदीस मताधिकार नाहीं. जो माल विकत घेणारा कोणी नाहीं त्याचा कारखाना किती दिवस चालतो, हें पेठेंतील व्यापाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको. शुद्ध झालेल्या पाण्यास व त्यांतून निघणाऱ्या खतास गिऱ्हाईक पाहिजे. तें नसेल तर कायद्याचा धाक दाखवून केंद्रें बांधवितां येतील, पण चालवितां येणार नाहींत. मैलापाण्यांतून पिकांचें अन्न परत मिळविणें ही शुद्धीकरणावरची कलाकुसर नसून शुद्धीकरण टिकण्याचीच ती अट आहे, असें आमचें म्हणणें आहे.

मैलापाण्यांत विकण्याजोगें असें आहे तरी काय? एक तर पाणी. आणि दुसरें त्यांत विरघळलेलें नत्र, स्फुरद व पालाश. आमच्याकडील आहाराच्या मानानें एका माणसाच्या मलमूत्रांतून वर्षाकाठीं सुमारें २.७ किलो नत्र व ०.४ किलो स्फुरद बाहेर पडतें, असें शास्त्रज्ञांचें गणित आहे. एक लाख वस्तीचें गांव धरा. २७० टन नत्र आणि ४० टन स्फुरद झालें. नत्रापुरतें पाहिलें तर युरियाचीं ४५ किलोचीं सुमारें १३ हजार पोतीं होतात. स्फुरदापुरतें पाहिलें तर डीएपीचीं ५० किलोचीं सुमारें ४ हजार. ह्यांतलें सर्व हातीं लागेल असें कोणी समजूं नये. पण अर्धें लागलें तरी तें थोडें नव्हे.

आतां वहीचें दुसरें पान उघडूं. पालाश आपण जवळजवळ सर्वच्या सर्व परदेशांतून आणतों. स्फुरदाच्या खडकाचीहि तीच कथा. जगांतील अशा खडकाच्या ज्ञात सांठ्यांपैकीं सुमारें सत्तर टक्के सांठा मोरोक्को व त्याच्या ताब्यांतील पश्चिम सहारा एवढ्याच भूमींत आहे. युरिया येथें होतो खरा, पण तो ज्या वायूपासून होतो त्याचा मोठा भाग जहाजांतून येतो. २००८ सालीं स्फुरदाच्या खडकाचा जागतिक भाव थोड्याच महिन्यांत कित्येक पटींनीं चढला. २०२१ पासून चीननें आपल्या स्फुरदी खतांच्या निर्यातीस वेळोवेळीं लगाम घातला. २०२२ सालीं युक्रेनमध्यें युद्ध पेटलें, आणि २०२२-२३ ह्या एका वर्षांत केंद्र सरकारास खतांच्या अनुदानापायीं अडीच लाख कोटी रुपयांवर रक्कम मोजावी लागली. सहस्रावधि कोसांवरून स्फुरद आणावयाचें, तें शेतांत घालावयाचें, धान्याच्या रूपानें शहरांत न्यावयाचें, आणि शहराच्या गटारांतून मुठेंत किंवा मिठींत सोडून पुन्हां जहाजाची वाट पाहात बसावयाचें! काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात तो ह्याहून निराळा काय असतो?

ह्यावर कोणी म्हणेल कीं, हल्लींचीं यंत्रें मैलापाण्यांतील सर्व कांहीं काढून टाकतात. काढून टाकतात हें खरें, पण टाकतात कोठें? बहुतेक मोठ्या केंद्रांचें मूळ तत्त्व एकच आहे. हौदांत जोरानें हवा सोडावयाची, म्हणजे मैलापाण्यांतले सूक्ष्म जंतु माजतात व घाण खाऊन फस्त करतात. मग त्या जंतूंचा गाळ तळाशीं बसवून वरचें पाणी सोडून द्यावयाचें. ह्यापुढें जाऊन नत्र काढावयाचें असेल तर दुसऱ्या जातीच्या जंतूंकडून अमोनियाचें नायट्रेट व नायट्रेटाचा नत्रवायु करवून घेतात, आणि तो वायु आकाशांत निघून जातो. म्हणजे एका टोकास खताचा कारखाना इंधन जाळून हवेंतलें नत्र पकडतो आणि दुसऱ्या टोकास शुद्धीकरण केंद्र वीज जाळून तेंच नत्र हवेंत परत सोडतें. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें. येथें विशेष इतकाच कीं, दळण्याचें व खाण्याचें अशीं दोन्हीं बिलें एकाच घरमालकाकडे येतात. नदीच्या दृष्टीनें हें कांहींच न करण्यापेक्षां पुष्कळ बरें, हें आम्ही कबूल करतों. नत्र-स्फुरद तसेंच पाण्यांत गेलें कीं शेवाळ व जलपर्णी माजते, तीं कुजून पाण्यांतला प्राणवायु संपतो, आणि मासे पोटें वर करून तरंगूं लागतात. परंतु रोग्यास वांचविण्यासाठीं त्याचें घर विकावेंच लागतें असें नाहीं.

गंमत अशी कीं, ज्या गृहस्थाच्या प्रेरणेनें हें हवा सोडण्याचें तंत्र निघालें त्यालाच ही नासाडी डांचत होती. १९१४ सालीं मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट ह्या दोघांनीं हा शोध जाहीर केला. त्यांच्या पाठीशीं डॉ. गिल्बर्ट फौलर हे होते. हेच फौलर १९१६ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेंत अध्यापक म्हणून आले, आणि १९३४ सालीं त्यांनीं जो ग्रंथ लिहिला त्याचा विषय नत्र कसें राखावें हा होता. यंत्र आम्हीं घेतलें, ग्रंथ कपाटांत राहिला.

गिऱ्हाईक असलें म्हणजे काय होतें हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें कलकत्त्याच्या पूर्वेस जावें. तें शहर हुगळीच्या कांठीं वसलेलें असलें तरी त्याची जमीन नदीकडे उतरती नसून पूर्वेकडे उतरती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत विल्यम क्लार्क ह्या इंजिनियराच्या आंखणीप्रमाणें जीं गटारें झालीं तीं ह्या उतारास धरून झालीं, आणि शहराचें मैलापाणी पूर्वेकडील खाऱ्या दलदलींकडे जाऊन बिद्याधरी नदीस मिळूं लागलें. पुढें विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत ती नदी गाळानें भरून मेली. भरतीचें खारें पाणी येईनासें झालें, आणि खाऱ्या मासळीवर पोट भरणाऱ्यांचा धंदा बसला. तेव्हां १९३० च्या आगेंमागें त्यांच्यापैकीं कांहींनीं शहराचें मैलापाणीच तळ्यांत घेऊन गोड्या पाण्यांतले मासे वाढविण्याचा प्रयोग आरंभिला. १९४० नंतरच्या दशकांत बी. एन. डे ह्या इंजिनियराच्या योजनेनें मैलापाणी कुल्टी नदीपर्यंत नेणारे कालवे तयार झाले, त्या कालव्यांवर मोऱ्या घालून पाणी घेण्याची सोय झाली, आणि धंदा पसरला. ह्या तळ्यांस तिकडे भेरी म्हणतात. त्यांसाठीं कोणा परदेशी तज्ज्ञास बोलावावें लागलें नाहीं, कर्ज काढावें लागलें नाहीं, आणि समितीहि बसली नाहीं.

त्या लोकांची रीत ऐकण्यासारखी आहे. तळें उथळ असतें; माणूस उभा राहिला तर बहुधा छातीच्या वर पाणी येत नाहीं. हिवाळ्यांत तें आटवून तळ उन्हांत वाळवितात, गाळ उपसतात, तळ नांगरतात, बांध दुरुस्त करतात, आणि मोहाची पेंड टाकून दुसऱ्या माशांस खाणारे मासे मारतात. मग कालव्याची मोरी उघडून मैलापाणी आंत घेतात, तें ढवळतात, आणि कांहीं दिवस उन्हांत तसेंच राहूं देतात. जंतु घाण फोडतात. फुटलेल्या घाणींतील नत्र-स्फुरदावर शेवाळ वाढतें. शेवाळ उन्हांत प्राणवायु सोडतें, आणि तो प्राणवायु जंतूंस पुरतो. मँचेस्टरच्या हौदांत जें काम विजेच्या पंपानें होतें तेंच येथें सूर्य फुकट करतो. ऊन लागून व शेवाळामुळें पाणी अल्कधर्मी होऊन रोगजंतूहि फार मोठ्या प्रमाणांत मरतात. पाण्याचा काळेपणा जाऊन हिरवेपणा आला म्हणजे थोडे मासे परीक्षेसाठीं सोडावयाचे. ते जगले तर रोहू, कटला, मृगळ, तिलापिया ह्यांचीं पिलें सोडावयाचीं, आणि पुढें वरचेवर बेताबेतानें मैलापाणी घालीत राहावयाचें. किती घालावें हें पाण्याच्या रंगावरून, वासावरून व माशांच्या हालचालीवरून ठरतें, आणि तें ठरविणारा मनुष्य बहुधा शाळेंत फारसा गेलेला नसतो. बांधाच्या कडेनें जलपर्णी अडकवून ठेवतात; ती लाटांपासून बांध राखते व कांहीं जड धातूहि शोषून घेते. आमच्या नद्यांत जी जलपर्णी शत्रु म्हणून लाखों रुपये खर्चून काढावी लागते तिला तिकडे पहाऱ्यावर उभी केली आहे! तळ्यांतून निघालेलें पाणी पुढें भातशेतीस जातें. तळीं, भातशेतें, धापा येथील जुन्या कचऱ्यावर पिकणाऱ्या भाजीच्या वाड्या व वस्ती मिळून हा प्रदेश सुमारें १२,५०० हेक्टर आहे, आणि त्यांतून वर्षाकाठीं दहा हजार टनांहून अधिक मासळी कलकत्त्याच्या बाजारांत येते.

१९८० च्या सुमारास ध्रुवज्योति घोष नांवाच्या सरकारी इंजिनियरावर शहराच्या मैलापाण्याचें काय होतें हें शोधण्याचें काम आलें. ते कालव्यांच्या कांठाकांठानें चालत गेले, आणि यंत्राच्या शोधांत निघालेल्या ह्या गृहस्थांस यंत्राऐवजीं कोळी सांपडले. शहराचें पाणी शुद्ध होण्याचा खर्च शहर देत नसून हीं तळीं देतात, हें त्यांनीं आयुष्यभर सरकारास, शहरवासीयांस व परदेशी विद्वानांस सांगितलें. २०१८ सालीं ते वारले. त्यांच्या हयातींत व त्यांच्यासारख्यांच्या खटपटीनें ह्या भूमीस कायद्याचें कवच मिळालें. तेथें व्यापारी संकुल उठविण्याची योजना पुढें आली तेव्हां एका नागरिक संस्थेनें कलकत्त्याच्या उच्च न्यायालयांत धांव घेतली, आणि न्यायमूर्ति उमेशचंद्र बॅनर्जी ह्यांनीं सप्टेंबर १९९२ मध्यें ह्या प्रदेशांतील जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. २००२ च्या ऑगस्टमध्यें रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची नोंद झाली. २००६ सालीं बंगालच्या विधिमंडळानें त्यासाठीं स्वतंत्र कायदा केला.

वकिलीच्या धंद्यांत कांहीं वर्षें घालविलेल्या माणसास मनाईहुकमाची शक्ति जशी ठाऊक असते तशी त्याची दुर्बलताहि ठाऊक असते. हुकूम जमीन भरावानें बुजवूं नको म्हणून सांगतो. कालव्यांतला गाळ काढ, मोरी वेळेवर उघड, हें सांगत नाहीं. ह्या प्रदेशाच्या उत्तरेकडील मोठा भाग १९६० नंतरच्या दशकांत हुगळीची रेती भरून बुजविला गेला आणि त्यावर बिधाननगर वसलें, हें तर न्यायालयापूर्वींचेंच. त्यानंतरहि शहराच्या कडेनें चोरपावलांनीं बांधकामें होत आलीं आहेत. कारण तळ्याच्या मासळीचें उत्पन्न आणि त्याच जमिनीवरच्या इमारतीचा भाव ह्यांची तुलना होऊंच शकत नाहीं. कालव्यांतील पाण्याची पातळी हा दुसरा तंटा. पाणी आपोआप तळ्यांत शिरावें म्हणून भेरीवाल्यांस ती उंच पाहिजे. पावसाळ्यांत शहर तुंबूं नये म्हणून पाटबंधाऱ्याच्या अधिकाऱ्यांस ती खालीं पाहिजे. तिसरी गोष्ट ह्या सर्वांहून अवघड. कातडीं कमावण्याच्या कारखान्यांचें क्रोमियमयुक्त पाणी ह्या कालव्यांत येत आलें आहे. सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९९६ मध्यें शहरांतील असे कारखाने हलविण्याचा हुकूम केला. ते हलले ते बानतळ्यास, म्हणजे ह्याच प्रदेशाच्या अंगणांत. घरगुती मैल्यास शेवाळ आणि मासा पचवूं शकतात. क्रोमियम पचविणारा मासा परमेश्वरानें अद्याप निर्माण केलेला नाहीं.

म्हणून आमचे कांहीं मित्र जेव्हां म्हणतात कीं, पुण्या-मुंबईनेंहि तळीं खोदून मासे सोडावे, तेव्हां आम्हांस तें पटत नाहीं. एवढी सपाट सखल जमीन आमच्या घाटमाथ्यावर नाहीं, आणि असती तर ती आजवर मोकळी राहिली नसती. शिवाय न शुद्ध केलेलें मैलापाणी पंपानें उपसून त्यावर पालेभाजी काढण्याचा प्रकार आमच्या शहरांच्या आसपासहि चालतो. त्यास सोनखताचा वापर म्हणणें म्हणजे विषासहि औषध म्हणण्यासारखें आहे. त्यांत जंत, पटकी व विषमज्वर ह्यांचें बीं असतें, आणि तें कोथिंबिरीच्या जुडीबरोबर माजघरांत येतें. कलकत्त्याकडून घ्यावयाचें तें हें कीं, दुसऱ्या टोकास पाण्याची वाट पाहणारा मनुष्य उभा असला म्हणजे मोरी बंद पडूं देत नाहीं. आणि कारखान्याचें पाणी घरगुती पाण्यांत मिसळूं दिलें कीं सोनखताची माती होते. ही दुसरी गोष्ट तर आमच्या नगरपालिकांनीं उद्यांपासून अमलांत आणण्यासारखी आहे. तिला तळें लागत नाहीं, फक्त धीट अधिकारी लागतो.

जेथें जमीन नाहीं तेथें यंत्रानेंहि ही वस्तु परत मिळते. शुद्धीकरण केंद्राच्या गाळांतून जें पाणी पिळून निघतें त्यांत अमोनिया व स्फुरद दाट असतें. त्यांत मॅग्नेशियमचा क्षार घातला कीं स्ट्रुव्हाईट नांवाचे पांढरे खडे जमतात. कित्येक वर्षें इंजिनियर ह्या खड्यांस शिव्या देत असत, कारण ते नळ्यांत आपोआप जमून नळ्या तुंबवितात. पुढें कोणा शहाण्यास सुचलें कीं, जें नळींत जमतें तें आपण हौदांतच जमवूं व विकूं. कॅनडा व अमेरिका येथें १५-२० वर्षांपासून मोठ्या केंद्रांत हें चालू आहे, आणि तें खत हळूहळू विरघळणारें असल्यानें पिकास सावकाश लागू होतें. जर्मनीनें २०१७ सालीं नियम करून मोठ्या केंद्रांस गाळांतील स्फुरद परत मिळविण्याची सक्ति केली, ती अत्यंत मोठ्या केंद्रांस २०२९ पासून व त्याहून लहानांस २०३२ पासून लागू व्हावयाची आहे. स्वित्झर्लंडनेंहि २०१६ सालीं असाच नियम केला. आमच्याइतकाच परदेशी खडकावर अवलंबून असलेला हा युरोप गटारांत खाणी शोधूं लागला आहे, आणि ज्यांच्या भाषेंत सोनखत हा शब्द आहे ते आम्ही अजून नाक धरून बसलों आहों.

ही गोष्ट आम्हांस नवी आहे काय? इंदुरास १९२४ ते १९३१ ह्या काळांत आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनीं यशवंत वाड ह्यांच्या साह्यानें कंपोस्टाची जी पद्धति बसविली ती पुढें शहरांच्या कचऱ्यास व मैल्यासहि लावून पाहण्यांत आली. कोंकणांत कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं संडासापासून निर्धोक खत करण्याचे प्रयोग केले. देहूस डॉ. सु. वि. मापुस्करांनीं संडासास गोबरवायूच्या धर्तीची टांकी जोडून त्यावर चुली पेटविल्या. त्यांस २०१७ सालीं मरणोत्तर पद्मश्री मिळाली. हे प्रयोग लहान होते, गांवापुरते होते. परंतु ते अडले ते शास्त्रानें नव्हे. ते अडले विटाळाच्या कल्पनेनें.

ह्या कल्पनेविषयीं स्पष्ट बोलणें भाग आहे. मैला अमंगळ, म्हणून त्यास शिवणारा अमंगळ. त्यास शिवणारा विशिष्ट जातीचा, म्हणून मैल्याचें पुढें काय होतें हा त्या जातीचा प्रश्न, आमचा नव्हे. ह्या तर्कशास्त्रावर आमचीं शहरें उभीं आहेत. अप्पासाहेब पटवर्धनांस १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत मैला साफ करण्याचें काम मागावें लागलें व तें मिळेना, तेव्हां त्यांच्या पाठिंब्यासाठीं गांधींनीं येरवड्यास उपवास आरंभिला. ब्राह्मणानें हें काम मागणें हेंच सरकारच्या तुरुंगनियमांस चमत्कारिक वाटलें! त्यास आतां नव्वद वर्षें होऊन गेलीं. हातानें मैला उचलण्याच्या चालीस बंदी करणारा कायदा २०१३ सालीं झाला. गटारांत गुदमरून मेलेल्यांच्या वारसांस दहा लाख रुपये द्यावे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें ती रक्कम तीस लाखांवर नेली. तरी गटारांत व मैल्याच्या टांक्यांत उतरून माणसें मरत आहेत. जी वस्तु कचरा मानली जाते तिच्याजवळ जाणाऱ्या माणसाचा जीवहि कचऱ्याच्याच भावानें मोजला जातो. तीच वस्तु कारखान्याचा कच्चा माल ठरली, तिच्यावर हिशेब लिहिला जाऊं लागला, म्हणजे तिच्याभोंवतीं यंत्र, पगार, विमा व मालकाची जबाबदारी हीं येतात. त्यानें विटाळ नाहींसा होईल असा भाबडा विश्वास आम्हांस नाहीं. पण जो व्यवसाय वहीखात्यांत येतो त्याकडे कायद्याचें बोट जाऊं शकतें, एवढें आम्हांस अनुभवानें ठाऊक आहे.

नगरपालिकांचें ह्यावरचें ठराविक उत्तर म्हणजे पैसा नाहीं. हें उत्तर कायद्यानें केव्हांच निकालांत काढलें आहे. रतलामच्या एका रस्त्यावरील रहिवाशांनीं उघड्या गटारांच्या घाणीबद्दल १९७२ सालीं दंडाधिकाऱ्याकडे फिर्याद केली. नगरपालिका द्रव्याभावाची सबब सांगत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८० च्या जुलैमध्यें न्यायमूर्ति कृष्ण अय्यर ह्यांनीं ती सबब झिडकारली, आणि सार्वजनिक उपद्रव दूर करणें हें नगरपालिकेचें कर्तव्य असून रिकामी तिजोरी हा त्यावर बचाव होऊं शकत नाहीं, असें ठरविलें. तेव्हां जें फौजदारी प्रक्रियेचें कलम १३३ होतें तें १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेंत कलम १५२ म्हणून आलें आहे. तें नागरिकांच्या हातांत आहे. त्यासाठीं दिल्लीस जावें लागत नाहीं. पुढें फेब्रुवारी २०१७ मध्यें त्याच न्यायालयानें सामायिक व नगरपालिकांचीं शुद्धीकरण केंद्रें तीन वर्षांत पुरीं करावीं असा हुकूम दिला. ती मुदत २०२० सालीं संपली, आणि २०२१ ची गणती आम्हीं आरंभींच दिली आहे. न्यायालयांचें बळ एवढेंच असतें. तें तुम्हांस केंद्राच्या दारापर्यंत आणून सोडतें. आंतलें यंत्र फिरतें ठेवणें हें त्याच्या हातीं नसतें.

यंत्र कसें फिरतें राहतें ह्याची एक बाजू नागपुरानें दाखविली आहे. तेथील शुद्ध झालेलें मैलापाणी कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांस देण्याची व्यवस्था झाली, आणि त्यामुळें तितकें स्वच्छ पाणी शहरास व शेतीस मोकळें राहिलें. वीजकेंद्र हें पक्कें गिऱ्हाईक आहे. त्याला रोज पाणी लागतें. पाण्याचें गिऱ्हाईक सांपडलें, खताचें सांपडावयाचें आहे.

तें सांपडण्याची मोठी संधि आज मुंबईस आहे. त्या शहराचें पुष्कळसें मैलापाणी आजवर वरवर गाळून वरळी व वांद्रें येथील बोगद्यांतून तीन किलोमीटरांहून दूर समुद्रांत सोडलें जात आलें. आतां वरळी, वांद्रें, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप व घाटकोपर अशा सात ठिकाणीं मिळून दररोज २,४६४ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करणारीं केंद्रें हातीं घेतलीं आहेत. १९ जानेवारी २०२३ रोजीं त्यांची पायाभरणी झाली. एवढीं केंद्रें चालूं लागलीं म्हणजे रोज शेंकडों टन गाळ निघणार. तो गाळ वाळवून कोठें तरी पुरावयाचा, कीं त्यापासून प्रथम वायु व मग खत करावयाचें? त्याच्या पिळलेल्या पाण्यांतलें स्फुरद परत घेण्याची सोय आंखणींत धरली आहे काय? कारखान्यांचें पाणी ह्या गटारांत येऊं नये म्हणून पहारा कोण ठेवणार, आणि गाळांतील धातूंच्या तपासणीचे आंकडे दर महिन्यास प्रसिद्ध होणार काय? खत झाल्यास तें घेण्याविषयीं ठाण्या-नाशकाकडील शेतकरी संघांशीं व खतविक्रेत्यांशीं कोणी बोललें आहे काय? हौद बांधून झाल्यावर ही सोय करणें म्हणजे घर पुरें झाल्यावर जिना काढण्यासारखें आहे; कंत्राटाच्या कलमांतच ती बसविली पाहिजे, आणि जेथें कंत्राट होऊन गेलें आहे तेथें पुरवणी करार केला पाहिजे. नगरसेवकांनीं हे प्रश्न पुढच्या सभेंत लेखी विचारावे. ते न विचारतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, आणि तो करण्यास वकील लागत नाहीं.